भिंतीकडेची माणसं

कंपनीनं त्या यंत्राचं नाव मोठ्या हौसेनं ‘परिघ’ ठेवलं होतं. सोलापूरनं दोन आठवड्यांत त्याची ‘भिंतचाटी’ करून टाकली. नाव बोचरं होतं, पण खोटं नव्हतं. साधा व्हॅक्युम क्लीनर खोलीच्या मधोमध मिरवतो आणि भिंत आली की पाहुण्यासारखा चार बोटं अलीकडेच थांबतो. भिंतचाटीची मुंडी मात्र फरशीवरून सरकत आली की तिला कडेनं रबरी ओठ फुटायचा. हा ओठ भिंतीच्या पायाशी असलेल्या स्कर्टिंगच्या पट्टीवर चढायचा, तिचा माथा पुसायचा, आणि फरशी व पट्टी यांच्यामधल्या केसभर फटीत मऊ दात घालून वर्षानुवर्षांचा ऐवज ओढून काढायचा.

होटगी रोडवरच्या ‘शांतिबन’ सोसायटीत, चौथ्या मजल्यावर, उज्ज्वलाबाई टिपणीस हा प्रकार हाताची घडी घालून पाहत होत्या. जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीमागे त्यांची एकतीस वर्षं गेली होती. निवृत्त झाल्या तरी सवय सुटली नव्हती. कुणी दारात उभं राहिलं की नाव, वय आणि मयताशी नातं हे तीन रकाने मनातल्या मनात भरले जात. यंत्र दाखवायला आलेल्या रेश्मा कोळेकरचेही भरून झाले होते. वय चाळिशीच्या आसपास, टाच दुखत असावी, बोलणं पाठ केलेलं, पण हसणं स्वतःचं.

“धूळ बाहेरून येते असं सगळे म्हणतात, मॅडम,” रेश्मा म्हणाली, “पण घरातल्या धुळीत आपला स्वतःचाच वाटा केवढा तरी असतो.”

“म्हणजे मी स्वतःलाच झाडत बसते म्हणा की.”

“रोज!” रेश्मा हसली. “अन् हे बघा, यात धूळपत्रिकासुद्धा निघते. आज फुकट आहे.”

धूळपत्रिकेनं त्या वर्षी अर्ध्या गावाची झोप उडवली होती. विद्या सरळ होती. माणसाच्या अंगावरून ताशी हजारो मेलेल्या पेशी झडतात. बहुतेकांत वाचण्यासारखं काही उरलेलं नसतं, पण हजारांत एखादीत डीएनएचा तुकडा शाबूत असतो आणि मुंडीतल्या चकतीला तेवढा पुरतो. त्यावरून माणूस कोण, कुणाचा कोण, हे कळतं. शिवाय वय वाढेल तशा डीएनएवर बारीक रासायनिक खुणा बसत जातात, झाडाच्या खोडातल्या वलयांसारख्या. त्या मोजल्या की पेशी झडली त्या दिवशी तो माणूस किती वर्षांचा होता, हेही कळतं.

आणि हे सारं भिंतीच्या कडेलाच का? तर खोलीच्या मध्यात पावलं, पंखे आणि फडकी धुळीला बसू देत नाहीत. भिंतीला लागून हवा मंदावते, तिथं धूळ टेकते आणि फटीत उतरते. तिच्यावर पुढच्या वर्षीची उतरते. वह्यांचा गठ्ठा रचावा तसे थर लागतात, तळाला जुनी, वर ताजी.

लोकांना अ‍ॅलर्जी शोधायची होती, सापडली भलतीच माणसं. दोघांसाठी दिलेल्या खोलीत सहा भाडेकरू निघाले. ‘मी कधी कुणाच्या दाराला कान लावत नाही’ म्हणणाऱ्या एका सासूबाई सुनेच्या दाराच्या चौकटीशी थरांथरांनी सापडल्या. स्थळं बघताना लोक हळूच ‘धूळपत्रिका आहे का हो?’ विचारू लागले. सोसायटीच्या सभेत भिंतचाटीवर बंदीचा ठराव आला तेव्हा त्याला सर्वांत जोरात हात वर करणारे तिघं कोण, हे उज्ज्वलाबाईंनी लक्षात ठेवलं होतं.

त्यांना स्वतःला भीती नव्हती. घरात त्या एकट्या. श्रीकांत, त्यांचे यजमान, शाळेतले चित्रकलेचे मास्तर, आठ महिन्यांपूर्वी मार्गशीर्षात गेले. पत्रिकेत दोन नावं येणार. फार तर तिसरं, अगदी तळाला.

रेश्मानं आतल्या लहान खोलीत, शेजाऱ्यांकडच्या भिंतीशी मुंडी टेकवली. यंत्र गुरगुरलं, पडद्यावर अक्षरं उमटली.

“व्यक्ती एक, स्त्री, वय चौसष्ट. या तुम्ही. व्यक्ती दोन, पुरुष, एकाहत्तरपर्यंत…”

“हे आमचे. पुढं?”

“व्यक्ती तीन, पुरुष. तुम्हा दोघांचा मुलगा. बाळपणापासून वय एकोणीसपर्यंत.”

“तन्मय,” उज्ज्वलाबाई म्हणाल्या. ते नाव या घरात मोठ्यानं उच्चारून किती काळ झाला, याचा हिशेब त्यांनी टाळला. “तो गेला घरातून. पंधरा वर्षं झाली.”

रेश्मा पडद्याकडे बघत राहिली. पाठ केलेलं बोलणं तिला सापडेना. “हो मॅडम. एकोणीसनंतर नाहीच. पण… वरच्या थरात परत आहे. वय तीस, एकतीस, बत्तीस, तेहतीस. आणि चौतीस.”

तन्मय आता चौतीस वर्षांचाच असणार होता.

“यंत्र चुकलंय.”

“थांबा, परत घेते.” तिनं मुंडी दोन हात पुढं सरकवली. पुन्हा तेच. आणखी पुढं, तेच. जेमतेम सहा फुटांच्या पट्ट्यात सगळ्यात दाट. सहा फूट म्हणजे भिंतीला पाठ लावून जमिनीवर झोपलेला एक माणूस. “हे सगळं दबून बसलेलं आहे मॅडम, वर्षावर्षाच्या अंतरानं. आणि सर्वांत वरचा थर ताजा आहे. दोन-तीन महिन्यांचा. त्यात तुमचे मिस्टर नाहीत.” मग ती अगदी हळू म्हणाली, “आणखी एक आहे. व्यक्ती चार. मुलगी. वय एक ते पाच. व्यक्ती तीनचं अपत्य.”

उज्ज्वलाबाई दिवाणावर बसल्या.

रेश्मा बाई चांगली होती. तिनं पाणी आणून दिलं. मग इकडंतिकडं बघत म्हणाली, “बेपत्ता मुलांच्या आईवडिलांसाठी कंपनीची सोय आहे. इतर घरांच्या पत्रिकांशी जुळवून बघतात. तुम्ही अंगठा दिलात तर हा माणूस आणखी कुठल्या घराच्या कडेला झडतोय, ते दोन मिनिटांत येईल.”

अंगठा पडद्यापर्यंत गेलाही. पण एकतीस वर्षांची नोकरी आडवी आली. जिवंत माणूस मयत म्हणून चढवला गेल्याची प्रकरणं त्यांच्या खिडकीवर दर वर्षी दोन-चार तरी येत. नातेवाईक हातापाया पडत, आधार दाखवत, फोटो दाखवत. उज्ज्वलाबाई ऐकत नसत. अशी नोंद रद्द व्हायची तर माणसानं स्वतः चालत समोर यायला हवं, हा त्यांचा दंडक होता.

“नको,” त्या म्हणाल्या. “यंत्र ठेवून जा. घेतलं मी.”

रेश्मा गेल्यावर त्या श्रीकांतच्या फोटोसमोर उभ्या राहिल्या. मेलेल्या नवऱ्याशी भांडण्यात मोठी गैरसोय अशी, की तो जिवंतपणी होता तितकाच गप्प राहतो.

“दर वैशाखात मी चिपळूणला ताईकडं जाणार. दहा दिवस. तुम्हाला म्हणायची, चला. तुम्ही म्हणायचात, घराला माणूस हवं. हे माणूस होय?”

सगळं आता जागेवर बसत होतं. चिपळूणहून परत यावं तर घर लख्ख असायचं. फरशी पुसलेली, भांडी पालथी घातलेली. त्यांना वाटे, एकटा राहिला की माणूस सुधारतो. पण पुरुषाच्या झाडण्यात एक खोट हमखास असते. मधलं सगळं आरशासारखं, आणि कडा आहेत तशा. श्रीकांतनी मुलाच्या येण्याचा मागमूस मधोमध पुसून टाकला होता आणि भिंतीलगत चार वर्षं साठू दिला होता.

त्या रात्रभर… नाही, रात्रीचं सांगण्यासारखं काही नाही. त्या झोपल्या नाहीत, एवढंच. लहान खोलीचा दिवा त्यांनी बंद केला नाही, आणि खोलीत पाऊलही टाकलं नाही. तिथं कुणी निजलेलं असावं तशा त्या दाराशी चप्पल न वाजवता फिरल्या. सहा फुटांची ती कड दारातून दिसत होती. पांढऱ्या पट्टीखाली एक काळी रेघ. इतकी वर्षं त्यांनी तिला मळ समजून डोळ्यांआड केलं होतं. आता त्या रेघेला श्वास होता.

आणि आठवायचं नव्हतं ते आठवलं.

तन्मयनं इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलं आणि सहा महिने कुणाला सांगितलं नाही. कॉलेजला म्हणून निघायचा आणि शेजारच्या बिराजदारबाईंच्या कारखान्यात कडक भाकऱ्या भाजायला बसायचा. कळलं तेव्हा उज्ज्वलाबाईंनी विचारलं, “टिपणिसांच्या घरात जन्मून भाकऱ्या थापणार?” तो म्हणाला, “थापायला मशीन आहे गं आई. मी भाजतो.” या उत्तरानं त्या जास्त भडकल्या. बोलण्यानं बोलणं वाढलं आणि तो पिशवी घेऊन बाहेर पडला.

घरातलं माणूस गावाला निघालं, की त्याच्या पाठीवर केर काढत नाहीत. निदान तासभर केरसुणीला हात लावत नाहीत. माणूस उंबऱ्याबाहेर पडताच केर निघतो, तो फक्त तिरडी उठल्यावर. हे उज्ज्वलाबाईंना कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यांचं आयुष्य त्यातच गेलं होतं. तन्मयची पावलं जिन्यात वाजत असतानाच त्यांनी केरसुणी उचलली आणि आतल्या खोलीपासून उंबऱ्यापर्यंत, तोंडानं काही न बोलता, सगळं घर झाडून काढलं. श्रीकांत खुर्चीतून अर्धे उठले आणि तसेच राहिले.

राग तासाभरात ओसरला. पण तन्मयनं तरी ते पाहिलं नाही, एवढ्याच आधारावर त्यांनी पंधरा वर्षं काढली होती.

सकाळी त्यांनी शेजारची बेल वाजवली. बिराजदारबाईंचं नि त्यांचं पंधरा वर्षं पाण्याची वेळ आणि लिफ्ट एवढ्यापुरतंच बोलणं होतं. भाकरीनं मुलगा नेला, ही नोंद उज्ज्वलाबाईंनी पक्क्या शाईत केली होती.

सत्तरीच्या शिवलीला बिराजदारांनी दार उघडलं. पदराला शेंगाचटणीचा वास.

“या वैनी. काल ती भिंतचाटी गुरगुरली तवाच म्हनलं, उद्या बेल वाजनार.”

“किल्ली तुम्ही दिलीत त्याला. या वैशाखात.”

“दिली की. तुमच्या मालकानं ठिवली होती माझ्यापाशी. म्हनले, मी असलो-नसलो तरी पोराला दार उघडायला पायजे.” त्यांनी पाट पुढं सरकवला. “बसा. उभ्यानं भांडू नका, गुडघं धरत्यात.”

उज्ज्वलाबाई बसल्या. “कुठं असतो?”

“ते नाही सांगनार. शब्द दिलाय.” मग जरा मऊ पडून त्या म्हणाल्या, “बरा हाय. सोताची भट्टी हाय. बायको कन्नड, लई गुनाची. पोरगी झाली अन् मग आला बघा. बाप झाल्यावर बाप आठवला.”

“मग माझ्यासमोर का नाही आला? मी काय खाणार होते त्याला?”

शिवलीलाबाईंनी चटणीचा डबा बंद केला, उघडला, परत बंद केला.

“त्या दिवशी चार्जर इसरला होता त्यो. घ्याया परत वर आला. दार उघडंच हुतं तुमचं.” त्यांनी नजर वर केली नाही. “जिन्यातनंच फिरला. माझ्या दारात आला अन् म्हनला, काकू, माझ्या पाठीवर केर काढला आईनं. मी म्हनलं, आरं रागात हुतंय. तर हसला. म्हनला, मेलेल्या माणसानं आता समोरच्या दारानं कसं यायचं? आई नसंल तवाच यायचं, भुतावानी.”

खालून भंगारवाल्याची गाडी ओरडत गेली.

“त्याला एक सांगाल?” शेवटी उज्ज्वलाबाई म्हणाल्या. “म्हणावं, ती नोंद चुकीची होती.”

“आत्ता गं बया! पोराला सांगू का हापिसाला?”

“मला दुसरं येत नाही हो बोलायला,” उज्ज्वलाबाई म्हणाल्या, आणि बिराजदारबाईंनी पंधरा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या हातावर हात ठेवला.

उत्तर आठ दिवसांनी आलं. “बघू म्हनला,” शिवलीलाबाईंनी कळवलं. “म्हनला, पोरीला गड्ड्याची जत्रा दावायची हाय संक्रांतीला, पन आई असंल घरात.”

उज्ज्वलाबाईंनी विचार केला. दार उघडं ठेवावं, वाटेत उभं राहावं, रडावं, असं बायका मालिकांमधून करतात. त्यांच्याजवळ द्यायला एकच गोष्ट होती, जी या मुलानं आजवर त्यांच्याकडून घेतली होती. त्यांचं नसणं.

“मी नसेन म्हणावं,” त्या म्हणाल्या.

मधल्या महिन्यांत भिंतचाटी त्यांनी घरभर फिरवली. लहान खोलीची ती कड सोडून. श्रीकांतचं वर्षश्राद्ध झालं. पाहुणे येऊन गेले. “त्या खोलीत पसारा आहे” म्हणून त्यांनी ती बंद ठेवली. सोसायटीत कुजबुज झाली, की टिपणीसबाई आजकाल रिकाम्या खोलीच्या दाराशी उभ्या राहून बोलतात. कुजबुज करणाऱ्यांची यादी त्यांच्याकडं होती, पण या खेपेला ती खरी असल्यामुळे काही करता येईना.

पौषात, संक्रांतीच्या आदल्या दिवशी, त्यांनी बॅग भरली, त्या घाईत चष्मा कपाटातच राहिला, रखवालदाराला ऐकू जाईल असं “चिपळूणला निघाले” म्हणून सांगितलं, विनाचालक रिक्षेनं स्टँडपर्यंत गेल्या, आणि तिथं तासभर बाकावर बसून परत आल्या. मागच्या जिन्यानं. थेट बिराजदारबाईंच्या घरात. चौसष्टाव्या वर्षी त्या चोरासारख्या चार मजले चढल्या आणि वर येऊन धापा टाकत म्हणाल्या, “दिसले नाही ना कुणाला?”

“दिसून काय हुतंय? तुमाला वळखून बी कुनी हाक मारत न्हाई,” शिवलीलाबाई म्हणाल्या. टोमणा होता, पण चहासोबत आला.

बिराजदारबाईंच्या मागच्या खोलीची भिंत आणि टिपणिसांच्या लहान खोलीची भिंत एकच. उज्ज्वलाबाईंनी तिथंच चटई टाकली. संध्याकाळी शेजारचं कुलूप उघडल्याचा आवाज आला. मग पिशव्या टेकल्याचा. मग एक जड पाऊल. त्या पावलाचं वजन त्यांना माहीत नव्हतं. एकोणिसाव्या वर्षाचं माहीत होतं. पलीकडं कुणी तरी भिंतीला पाठ टेकली तसा चुना किंचित दबल्यासारखा वाटला. उज्ज्वलाबाईंनी इकडून पाठ टेकली. मध्ये नऊ इंच वीट.

दोन दिवस असे गेले. त्या शिंकल्या नाहीत, नळ सोडला नाही, बोलायचं ते खुणेनं. पलीकडं नांदत्या घराचे आवाज होते. कुकरच्या शिट्ट्या, कन्नडमधलं रागावणं, मराठीतलं लाडावणं. आपल्याच घराच्या कडेला त्या धुळीसारख्या टेकल्या होत्या. मेल्यावर माणसाला असंच दिसत असेल, असं त्यांच्या मनात आलं. घर चालू, आणि आपण भिंतीत.

तिसऱ्या दिवशी दुपारी शिवलीलाबाई कारखान्यावर गेल्या आणि दार नुसतं लोटून गेल्या. चुकून की मुद्दाम, ते त्यांनाच ठाऊक. ते ढकलून पाच-सहा वर्षांची एक मुलगी आत आली. हातात रिकामी ताटली, गळ्यात गड्ड्यावरची प्लास्टिकची शिट्टी.

“बिराजदारआज्जी कुठाय? भाकरी पाहिजे.”

उज्ज्वलाबाईंनी तिच्याकडं पाहिलं. कपाळ श्रीकांतचं होतं. कान उज्ज्वलाबाईंचे स्वतःचे.

“नाव काय तुझं?” सवयीनं पहिला रकाना बाहेर पडला.

“इंचरा. तुमी कोण?”

तिसरा रकाना त्यांना पहिल्यांदाच कुणी तरी विचारत होतं.

“मी… इथं शेजारी राहते.”

“शेजारी आमी राहतो!”

“हो. तुम्हीच राहता.”

मुलीला हे पटलं. ती ताटली मांडीवर घेऊन समोर बसली आणि मोठं गुपित सांगावं तशी पुढं वाकली. “आमच्या घरात एक बाई राहते. आमी आलो की ती जाते. आमी गेलो की येते. तिचा चश्मा आहे कपाटात, तिची चप्पल आहे, पण ती दिसत नाही. अप्पा म्हणतात, तिच्या वस्तूंना हात लावायचा नाही, तिला राग येतो.” मग आवाज आणखी खाली. “तुमी पाहिलंय तिला?”

“पाहिलंय.”

“कशीय?”

उज्ज्वलाबाईंनी आयुष्यभर लोकांबद्दल एका ओळीत निकाल दिले होते. हा द्यायला त्यांना वेळ लागला.

“भित्री आहे गं,” त्या म्हणाल्या. “फार भित्री.”

इंचरानं विचार केला. तिच्या हिशेबात हे काही अवघड नव्हतं. “मग तिला सांगा ना, आमी काही करत नाही.” एवढं बोलून ती उठली, दारापर्यंत गेली आणि थबकली. सावकाश वळून तिनं या म्हातारीच्या चष्मा नसलेल्या, मिचमिचणाऱ्या डोळ्यांकडं पाहिलं. मग अनवाणी पायांकडं. बराच वेळ पाहिलं.

ती परत आली आणि तिनं उज्ज्वलाबाईंचं बोट धरलं.

मधला व्हरांडा आठ पावलांचा. टिपणिसांचं दार अर्धं उघडं होतं. आत भाजलेल्या ज्वारीचा वास. उंबऱ्याशी उज्ज्वलाबाईंचं पाऊल अडलं, तशी मुलीनं बोट आणखी घट्ट धरलं.

“आणलीस का भाकरी?” आतून आवाज आला. जाड झालेला, बापाच्या वळणावर गेलेला. “कोण आहे गं बरोबर?”

“ती बाई आलीय, अप्पा,” इंचरा म्हणाली. “भीत भीत आलीय. ओरडू नका.”